मीटरचा लाल दिवा

साताऱ्यात माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे एक तार टांगलेली आहे. तिला विजेची बिलं टोचलेली असतात. सर्वांत खालचं दहा-बारा वर्षांपूर्वीचं, सर्वांत वरचं गेल्या महिन्याचं. प्रत्येक बिलावर तिनं एका आकड्याभोवती पेनानं गोल केलेला असतो. रुपयांच्या नाही, युनिटांच्या आकड्याभोवती. ९६, १०३, ९८, ११२. शंभराच्या आतला असेल तर गोल निळा, बाहेरचा असेल तर लाल. आत्याचं पेन्शन बेताचं आहे आणि महावितरणच्या दरपत्रकातली शंभर युनिटांची रेघ तिला तोंडपाठ आहे. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, एकशे एकाव्या युनिटापासून जवळपास दुप्पट. ज्या घरात महिन्याला चारशे युनिटं जळतात तिथे पाच-सात युनिटं इकडे-तिकडे झाल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. आत्याच्या घरात तेवढ्यानं गोलाचा रंग बदलतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर तिच्या एकवीस इंची जुन्या टीव्हीचं चित्र कडेनं लालसर दिसायला लागलं. पिक्चर ट्यूबचा तो जड डबा, पाठीला कुबड असलेला. दुरुस्त करणाऱ्यानं ट्यूब आता मिळत नाही म्हणून हात टेकले, तेव्हा आम्ही दोघी नवा घ्यायला दुकानात गेलो. दुकानातल्या मुलानं ४३ इंची टीव्हीपुढे उभं केलं. कोपऱ्यावर ताऱ्यांचा स्टिकर होता.

“काकू, फाइव्ह स्टार आहे. लाइट बिलाचं टेन्शनच सोडा. जुन्या टीव्हीच्या निम्मी वीजसुद्धा लागणार नाही.”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कंपनीनंच लिहिलंय की. हे बघा ना, सरकारी स्टिकर आहे.”

“कंपनीनं लिहिलंय की सरकारनं?” आत्यानं विचारलं. मुलगा गप्प झाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

टीव्ही आम्ही घेतला. आत्याचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याच्या मागे लागून मी जे वाचलं, विचारलं आणि पुढे तिच्याच घरी बसून जे मोजलं, ते या लेखात मांडते आहे. विजेची बचत हा शब्द आज प्रत्येक खोक्यावर छापलेला असतो आणि तो वाचणाऱ्या बहुतेकांचा त्याच्यावर विश्वास नसतो. या अविश्वासात तथ्य किती, हे एकदा नीट तपासून पाहायला हवं असं मला वाटलं.

तारे कोण देतं?

स्टिकरमागे कायदा आहे. केंद्राचा ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. त्याखाली मार्च २००२मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. आपण ज्याला ‘बीईई’ म्हणतो तो हाच. २००६च्या मे महिन्यात ब्युरोनं ताऱ्यांची योजना सुरू केली. सुरुवातीला ती ऐच्छिक होती. २०१०च्या जानेवारीत फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, एसी, ट्यूबलाइट यांना ती सक्तीची झाली. साधे रंगीत टीव्हीही आधी ऐच्छिक यादीत होते, नंतर सक्तीच्या यादीत आले. फोर-के म्हणजे अल्ट्रा एचडी टीव्हींसाठीचं लेबल २०२१ साली, पुन्हा ऐच्छिक म्हणूनच, सुरू झालं.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर असं की स्टिकरचा नमुना सरकारचा असतो आणि त्यावरचा आकडा कंपनीनं करून घेतलेल्या चाचणीचा. चाचणी कशी करायची, किती युनिटांना किती तारे, हे ब्युरो ठरवतो. कंपनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मोजमाप करून घेते, कागदपत्रं देते आणि मॉडेलची नोंदणी होते. नंतर ब्युरो बाजारातून नमुने उचलून ते पुन्हा तपासून घेऊ शकतो. नमुना नापास झाला तर कारवाईची तरतूद आहे. राज्याराज्यांत या कामासाठी नेमलेल्या संस्था आहेत. महाराष्ट्रात ते काम पुण्याच्या महाऊर्जाकडे आहे.

ताऱ्यांबाबत तीन गोष्टी दुकानात कुणी सांगत नाही. पहिली, तारे पडद्याच्या आकाराच्या प्रमाणात दिले जातात. त्यामुळे ५५ इंची पाच तारेवाला टीव्ही ३२ इंची तीन तारेवाल्यापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो, आणि बहुतेक वेळा खातोच. दुसरी, ताऱ्यांना मुदत असते. निकष काही वर्षांनी कडक केले जातात आणि कालचा पाच तारेवाला आज चारावर किंवा तिनावर येतो. म्हणून लेबलवरचा कालावधी वाचायचा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: लेबलवर ताऱ्यांच्या जवळच बारीक अक्षरात वर्षाला किती युनिटं लागतील तो आकडा छापलेला असतो. बिलात तारे येत नाहीत, युनिटं येतात. आत्याच्या टीव्हीवरच्या लेबलवर वर्षाला १०४ युनिटं लिहिली होती. दुकानात आम्ही दोघींनीही तो आकडा वाचला नव्हता.

पेट्रोलवर चालणारं गजराचं घड्याळ

बचतीची चिठ्ठी मिळवणं किती सोपं असू शकतं याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतला आहे. तिथे १९९२पासून ‘एनर्जी स्टार’ नावाची सरकारी मोहोर आहे. संगणकांपासून तिची सुरुवात झाली, पुढे टीव्हीसकट घरातल्या बहुतेक उपकरणांवर ती दिसू लागली. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामकाजाची तपासणी करणाऱ्या गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसनं या मोहोरेची परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्यांनी कागदावर चार बनावट कंपन्या उभ्या केल्या आणि अस्तित्वातच नसलेली २० उपकरणं मंजुरीसाठी पाठवली. त्यातल्या १५ना मोहोर मिळाली. मिळालेल्यांत एक पेट्रोलवर चालणारं गजराचं घड्याळ होतं, जनरेटरएवढं. दुसरा होता हवा शुद्ध करणारं ‘यंत्र’ म्हणून पाठवलेला खोली गरम करायचा हीटर, त्याला धूळ झटकायचा पिसांचा झाडू आणि माश्यांच्या चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. हा अहवाल मार्च २०१०मध्ये प्रसिद्ध झाला.

दोष एका अधिकाऱ्याचा नव्हता. कंपनीनं दिलेला कागद खरा मानायचा, हीच मुळात पद्धत होती. अहवालानंतर पद्धत बदलली आणि २०११पासून बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. आत्यानं दुकानात विचारलेला प्रश्न तिथे एका सरकारी संस्थेनं विचारला, म्हणून हे घडलं. संशय घेणाऱ्याला आपण सहसा किरकिऱ्या म्हणतो. इथे त्या संशयानं एका मोठ्या देशाची तपासणी सुधारली.

चाचणीतली दहा मिनिटं

टीव्हीची गोष्ट घड्याळापेक्षा अवघड आहे, कारण टीव्ही किती वीज घेतो ते त्याच्यावर काय चाललं आहे यावरही अवलंबून असतं. एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्या मागे दिवे असतात. पूर्वी ते बारीक ट्यूब असत, आता एलईडी असतात. टीव्हीची बहुतेक वीज या मागच्या उजेडालाच लागते. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळोखाचं दृश्य स्वस्त आणि बर्फाचं दृश्य महाग. मग सगळ्या टीव्हींची तुलना करायची तर सगळ्यांवर एकच चित्रफीत दाखवायला हवी. आंतरराष्ट्रीय मानकासाठी अशी दहा मिनिटांची फीत तयार झाली. बातम्या, खेळ, मालिका, निसर्ग अशा तुकड्यांची. जगभरच्या प्रयोगशाळा तीच फीत लावून वीज मोजत आल्या.

सगळ्या शाळांची प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं एकच असेल तर शिकवणी वर्गात काय घडतं ते आपल्याला ठाऊक आहे. २०१२ साली स्वीडनच्या ऊर्जा खात्यानं तक्रार नोंदवली की काही टीव्हींवर चाचणीची फीत लागली की लगेच उजेड उतरतो. त्यांनी कंपनीचं नाव घेतलं नव्हतं. २०१५च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचा घोटाळा बाहेर आला. गाडी चाचणीला लागली आहे हे ओळखून धूर कमी करणारं सॉफ्टवेअर त्या गाड्यांत होतं. काही दिवसांतच ब्रिटनच्या ‘गार्डियन’नं युरोपीय संघाच्या पैशातून झालेल्या टीव्हींच्या तपासणीची बातमी दिली. सॅमसंगच्या काही टीव्हींचा वीजवापर चाचणीत जितका कमी दिसतो तितका घरातल्या पाहण्यात दिसत नाही, असा तिचा आशय होता. चित्रात हालचाल वाढली की उजेड उतरवणारी एक सोय त्या टीव्हींत होती. ही सोय चाचणी ओळखण्यासाठी नाही, ती प्रयोगशाळेत जशी चालते तशीच घरीही चालते, असं सांगून सॅमसंगनं आरोप फेटाळला.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१६मध्ये, अमेरिकेतल्या नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या पर्यावरण संस्थेनं सॅमसंग, एलजी आणि व्हिझिओ या तीन कंपन्यांच्या टीव्हींचा सविस्तर अहवाल काढला. त्यातली दोन निरीक्षणं आपल्याही कामाची आहेत. सरकारी चाचणीच्या फितीत दृश्यं फार भराभर बदलतात, सरासरी दोन-अडीच सेकंदांना एक. हालचाल पाहून उजेड उतरवणारी सोय अशा फितीवर भरपूर वीज वाचवते. तुम्ही-आम्ही पाहतो ते सामने, मालिका, बातम्या एवढ्या वेगानं बदलत नाहीत, त्यामुळे तिथे ती बचत जवळपास दिसतच नाही. दुसरं निरीक्षण जास्त गंभीर होतं. टीव्ही कारखान्यातून ज्या सेटिंगवर येतो ती घरच्यांनी बदलली, तर काही संचांत वीज वाचवणाऱ्या सोयी आपोआप बंद पडत होत्या, आणि तसं सांगणारी सूचना पडद्यावर एक तर येत नव्हती किंवा अगदी पुसट येत होती. काही संचांचा वीजवापर त्यामुळे दुपटीपर्यंत गेला. २०१६मधल्या टीव्हींच्या आयुष्यभरात अमेरिकी ग्राहकांवर याचा बोजा १.२ अब्ज डॉलर पडेल, असा संस्थेचा अंदाज होता. कायद्याचा भंग केल्याचं कंपन्यांनी नाकारलं. अक्षरशः पाहिलं तर चाचणी ज्या सेटिंगवर करायला सांगितली होती त्याच सेटिंगवर ती झाली होती.

हे वाचताना मी थांबले. लेबलवरचा आकडा मोजलेला असतो, त्यात खोटेपणा असतोच असं नाही. पण तो एका विशिष्ट खोलीतला, एका विशिष्ट फितीवरचा, कुणीही हात न लावलेल्या टीव्हीचा आकडा असतो. आपल्या घरी टीव्हीला पहिल्या दिवशीच हात लागतो.

पहिल्या दिवशीचा हात

आत्याच्या घरी टीव्ही बसवायला आलेला मुलगा हुशार आणि नम्र होता. भिंतीला पाट्या ठोकून त्यानं टीव्ही टांगला, सेट-टॉप बॉक्स जोडला, वायफाय लावलं. चित्र आलं, जरासं शांत, मऊ. तो म्हणाला, “काकू, हे डल दिसतंय ना? थांबा.” रिमोट घेऊन त्यानं पिक्चर मोडमध्ये ‘व्हिव्हिड’ निवडलं. रंग एकदम उसळून आले. आम्हाला छान वाटलं. मग त्यानं ‘क्विक स्टार्ट’ चालू केलं, म्हणजे बटण दाबताच टीव्ही लगेच सुरू व्हावा. दहा सेकंदांत त्यानं दोन गोष्टी बदलल्या, दोन्ही आमच्या सोयीसाठीच. लेबलवरच्या १०४ युनिटांशी त्या टीव्हीचा संबंध तिथेच सुटला.

त्या मुलाला दोष देता येणार नाही. दुकानात शेजारी शेजारी लावलेले टीव्ही मुद्दाम सर्वांत जास्त उजेडावर ठेवलेले असतात, कारण पांढऱ्या दिव्यांच्या झगझगाटात जो उजळ दिसतो तोच विकला जातो. आपले डोळे तिथे जे पाहतात तेच घरी मागतात. संध्याकाळी एका ट्यूबलाइटच्या खोलीत तेवढ्या उजेडाची गरज नसते. झटपट सुरू होण्याच्या सोयीसाठी तर टीव्ही बंद असतानाही अर्धा जागा राहतो. बंद टीव्हीला अर्ध्या वॅटच्या आसपास वीज पुरावी. ही सोय चालू केली की काही संचांत हा आकडा वीस वॅटांच्याही वर गेल्याचं अमेरिकेतल्या चाचण्यांत दिसलं आहे.

बंद असताना खाल्ल्या जाणाऱ्या विजेचा प्रश्न जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले अ‍ॅलन मायर यांनी गेल्या शतकाच्या शेवटी एक साधी मागणी मांडली: कुठलंही उपकरण बंद असताना एका वॅटपेक्षा जास्त वीज घेऊ नये. १९९९मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं ती उचलून धरली. युरोपनं २०१०मध्ये तिचा नियम केला आणि २०१३मध्ये तो अर्ध्या वॅटवर आणला. टीव्हीच्या बाबतीत ही लढाई बरीचशी जिंकली गेली होती. टीव्ही इंटरनेटला जोडला गेला आणि ती पुन्हा लढावी लागते आहे.

जिन्याखालची मोजणी

वीज मोजायचं प्लगमध्ये लावायचं यंत्र मिळतं, पण ते विकत आणायची आम्हाला गरज पडली नाही. आत्याच्या शेजारी वीज मंडळातून निवृत्त झालेले एक वायरमन राहतात. सगळी गल्ली त्यांना काका म्हणते. मी माझी अडचण सांगितली तर ते आम्हाला जिन्याखाली मीटरपाशी घेऊन गेले. मीटरच्या तोंडावर एक बारीक लाल दिवा लुकलुकत होता. “हा दिवा उगाच लुकलुकत नाही. खाली वाच काय लिहिलंय,” ते म्हणाले. बारीक अक्षरात ३२०० आणि पुढे ‘आयएमपी’ लिहिलं होतं. एक युनिट वीज गेली की तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातलं बाकी सगळं बंद करायचं, फक्त टीव्ही ठेवायचा, दहा मिनिटं लुकलुक मोजायची आणि आकड्याला १.८७५नं गुणायचं. येतील तेवढे वॅट. मीटरवर ३२०० सोडून दुसरा आकडा असेल तर गुणायचा आकडा बदलतो: ६० हजारांना दहा मिनिटांऐवजी जितकी मिनिटं मोजली त्या मिनिटांनी आणि मीटरवरच्या आकड्यानं भागायचं. “काही विसरू नकोस,” काका म्हणाले. “फ्रिज काढ, वायफायचा डबा काढ, आणि इन्व्हर्टर असेल तर तो आधी काढ. बॅटरी भरत असेल तर सगळा हिशेब फसतो.”

काकांच्या सांगण्यात मला खोट दिसली नाही. एका युनिटात एक हजार वॅट-तास असतात. त्याला ३२००नं भागलं की दिव्याची एक लुकलुक ०.३१२५ वॅट-तासांची होते. दहा मिनिटं म्हणजे तासाचा सहावा भाग, म्हणून सहानं गुणलं की १.८७५.

जुना टीव्ही अजून कोपऱ्यात होता, तो भंगारात देण्याआधी आम्ही तोही लावून पाहिला. संध्याकाळी सातच्या बातम्या, तोच चॅनेल, तोच आवाज. आत्या घड्याळ धरून बसली, मी मोजत होते आणि काका मधेच कुणी स्वयंपाकघरातला दिवा लावत नाही ना ते पाहत होते. आधी नुसता सेट-टॉप बॉक्स: दहा मिनिटांत ६ लुकलुक, म्हणजे ११ वॅट. बॉक्स रिमोटनं बंद करूनही ६च. त्याला रिमोटनं बंद करणं म्हणजे नुसतं त्याचा हिरवा दिवा लाल करणं, हे तेव्हा आम्हाला कळलं.

मग बॉक्स आणि जुना टीव्ही: ४८. बॉक्सचे ६ वजा जाता ४२, म्हणजे ७९ वॅट. मग नवा टीव्ही, बसवणाऱ्यानं ठेवलेल्या व्हिव्हिडवर: ५७. बॉक्स वजा जाता ५१, म्हणजे जवळपास ९६ वॅट.

आत्यानं घड्याळ खाली ठेवलं. “म्हणजे जुना बरा होता,” ती म्हणाली.

मग आम्ही पिक्चर मोड बदलून ‘इको’ केला, क्विक स्टार्ट बंद केलं आणि पुन्हा दहा मिनिटं मोजलं. एकूण ३५, टीव्हीचे २९, म्हणजे ५४ वॅट. चित्र थोडं मंद वाटलं. पाच मिनिटांत डोळे सरावले आणि आत्या म्हणाली, “आता डोळ्यांना बरं वाटतंय.” खात्री म्हणून दुसऱ्या दोन संध्याकाळी पुन्हा मोजलं, तर एक-दोन लुकलुकींचा फरक आला.

वर्षाचा हिशेब असा निघाला. आत्याचा टीव्ही रोज पाच तास चालतो. जुना टीव्ही वर्षाला साधारण १४४ युनिटं खात होता. नवा व्हिव्हिडवर १७५ खाणार होता. इकोवर ९९. लेबलवर १०४ लिहिलं होतं. लेबलमागचं गणित रोजचे ठरावीक तास धरून केलेलं असतं आणि प्रत्येक घराचे तास वेगळे असतात, म्हणून हे दोन आकडे तंतोतंत जुळण्याची अपेक्षा नव्हती. पण आपल्या टीव्हीच्या बाबतीत लेबल खोटं बोललं नव्हतं एवढं आम्हाला दिसलं. ते पाळलं जाईल अशा स्थितीत टीव्ही ठेवायला हवा, हे मात्र आम्हाला ना दुकानानं सांगितलं ना बसवणाऱ्यानं.

सर्वांत मोठा धडा कोपऱ्यातल्या बॉक्सनं दिला. ११ वॅट, दिवसाचे चोवीस तास. महिन्याला आठ युनिटं. इकोवरचा आमचा ४३ इंची टीव्हीसुद्धा महिन्याला तेवढंच खातो. ज्याच्यावर एकही तारा आम्ही कधी शोधला नव्हता तो हातभर डबा, ताऱ्यांच्या टीव्हीइतकी वीज रात्रंदिवस पीत होता. त्या दिवसापासून आत्या टीव्ही पाहून झाला की भिंतीवरचं बटण बंद करते. सकाळी बॉक्स सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात, तोवर तिचा चहा होतो.

बचत खरी आहे, म्हणूनच

या सगळ्यातून ‘बचतबिचत सगळं थोतांड’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे आणि तो चुकीचा आहे. टीव्हीच्या तंत्रात झालेली सुधारणा खरी आहे. आत्याचा नवा पडदा जुन्याच्या जवळपास चौपट क्षेत्रफळाचा आहे आणि तरी तो जुन्याच्या दोन-तृतीयांश विजेत चालतो. पिक्चर ट्यूब जाऊन एलईडी दिव्यांचे पडदे आले त्याचा हा परिणाम आहे. लेबल आणि नियम नसते तर कंपन्यांनी एवढी घाई केली नसती. कॅलिफोर्नियानं २००९मध्ये टीव्हींसाठी वीजवापराची मर्यादा ठरवली तेव्हा टीव्ही बाजारातून गायब होतील असं सांगितलं गेलं होतं. २०११मध्ये नियम लागू झाले, टीव्ही मिळत राहिले आणि कमी विजेत चालू लागले.

सुधारणेचा मोठा भाग मात्र आपण आकारात आणि उजेडात खर्च करतो. एकविसाचे बत्तीस झाले, बत्तिसाचे त्रेचाळीस, आता दिवाणखान्यात पंचावन्न इंच लागतो. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारा, चित्रपट लावला की पडदा आणखी उजळतो आणि वीजही आणखी लागते.

टीव्हीच्या विजेची वेळही लक्षात घ्यायला हवी. टीव्ही संध्याकाळी सात ते दहा चालतो. दुपारी छपरांवर आणि माळरानांवर तयार होणारी सौर वीज तेव्हा मावळलेली असते. त्या वेळी महाराष्ट्राची गरज भागवायला कोयनेचे जलविद्युत संच धावतात आणि चंद्रपूर, कोराडीची कोळशाची केंद्रं जळतात. चंद्रपूरचं केंद्र एकटंच २९२० मेगावॅटचं आहे. देशाच्या वीजजाळ्यातलं एक युनिट बनताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आत्यानं बॉक्सचं बटण बंद करून आणि इकोवर टीव्ही ठेवून महिन्याला वाचवलेली बारा-तेरा युनिटं वर्षाला दीडशेच्या घरात जातात. म्हणजे शंभर किलोहून जास्त. एका घराचं हे गणित छोटं आहे. पण संध्याकाळी सातला महाराष्ट्रातल्या किती घरांत पडदे उजळलेले असतात, ते आपण सगळे जाणतो.

विचारायचं कुणाला

युरोपनं या अनुभवातून धडे घेतले. मार्च २०२१पासून तिथल्या टीव्हींची श्रेणी नव्यानं लावली गेली. वरच्या श्रेणी मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आणि आधी ‘ए प्लस’ मिरवणारे बहुतेक टीव्ही ‘एफ’ आणि ‘जी’त उतरले. ही मानहानी कंपन्यांना सहन करावी लागली, पण श्रेणीला पुन्हा अर्थ आला. एचडीआरचा वापर लेबलवर वेगळा दाखवावा लागतो. चाचणी ओळखून वागणं बदलणारं उपकरण विकायला मनाई आहे. आणि सॉफ्टवेअर अपडेट करताना ग्राहकाला न सांगता वीजवापर वाढवता येत नाही. पडद्यामागून येणाऱ्या अपडेटनं घरातलं बिल वाढू शकतं, ही शक्यता तिथल्या कायद्यानं ओळखली आहे.

आपल्याकडे यातलं बरंच अजून व्हायचं आहे. तरी आपण रिकाम्या हातांनी उभे नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहकानं माल उलटून पाहायचा आणि प्रश्न विचारायचा, ही शिकवण या मातीत पन्नास वर्षं रुजलेली आहे. पुण्यातल्याच ‘प्रयास’ ऊर्जा गटानं घराघरांत मीटर बसवून कुठलं उपकरण खरोखर किती वीज खातं याच्या नोंदी जमवल्या आहेत. प्रयोगशाळेच्या खोलीबाहेर, चालत्या घरात मोजलेले असे आकडे धोरण ठरवणाऱ्यांपुढे यायला हवेत. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, आणि पर्यावरणाच्या नावानं केलेल्या फसव्या दाव्यांबाबत त्यानं ऑक्टोबर २०२४मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. बचतीचा दावा करणाऱ्यानं त्याचा आधार दाखवला पाहिजे, हे त्यात स्पष्ट आहे. १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

माझी मागणी मोठी नाही. दुकानात टीव्ही दाखवताना एकदा तरी तो घरच्या सेटिंगवर दाखवावा. बसवायला येणाऱ्यानं उजेड वाढवण्याआधी वीज वाढेल हे सांगावं. सेटिंग बदलून बचतीची सोय बंद होत असेल तर पडद्यावर ठळक मराठीत तसं लिहून यावं. ब्युरोनं बाजारातून उचललेल्या नमुन्यांचे निकाल मॉडेलच्या नावासकट सर्वांना सहज दिसतील असे ठेवावेत. आणि लेबलवर एकाच्या जागी दोन आकडे असावेत: कारखान्याच्या सेटिंगचा आणि सर्वांत उजळ सेटिंगचा. मग निवड ग्राहकाच्या हातात राहील.

दिवाळीच्या आठवड्यात मी पुन्हा साताऱ्याला गेले. टीव्हीच्या कोपऱ्यावरचा स्टिकर निघाला होता. आत्यानं तो फेकला नव्हता, कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवला होता. छापलेल्या १०४च्या शेजारी तिनं पेनानं ९९ लिहिलं होतं आणि खाली तारीख घातली होती. दाराच्या मागच्या तारेवर शेवटची पाच बिलं होती. चारांवर गोल निळा होता.

पाचव्यावरचा लाल होता. मी त्याकडे पाहिलं तसं ती म्हणाली, “मे महिना. कूलर चालू होता. त्याच्यावरचं लेबल अजून वाचायचंय. जाताना काकांना हाक मार, आज रात्री मोजू.”